झुंबरअक्काचं पाणी

माझ्या नणंदेचं कोणी कौतुक केलं की माझ्या पोटात अजून दुखतं. भडगावात त्यांचं कौतुक करणाऱ्यांची काही कमी नाही, म्हणून तिकडे जाताना मी पिशवीत ओव्याची पुडी टाकूनच निघते. परवा तर एस.टी.त शेजारी बसलेली अनोळखी बाई मला सांगू लागली की गिरणा नदीत तिची पोरगी पोहायला शिकली ती झुंबरबाईंच्या हाताखाली, आणि अशी बाई तालुक्यात दुसरी नाही. मी म्हटलं, हो का. आणि खिडकीबाहेर बघत बसले.

भांडखोर नणंद परवडली. टोमणा मारणारीला उलटा टोमणा तरी मारता येतो. झुंबरअक्का मला कधी एक शब्द वाकडं बोलल्या नाहीत, त्यांनी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नाही, माहेरच्या आहेरात खोट काढली नाही. अशा बाईशी वैर धरायचं म्हणजे सगळा भार आपल्यालाच उचलावा लागतो. तो मी उचलला.

अक्का माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. उंच, काळ्यासावळ्या, खांदे असे रुंद की चोळी शिवणाऱ्या शिंप्याने दर वेळी माप दोनदा घ्यावं. सासूबाई गेल्या तेव्हा आमचे देवचंदराव रांगत होते. अक्कांनीच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. भावाला सोडून जायला नको म्हणून लग्नही गावातच केलं. तो गृहस्थ पुढे सुरतेला मिलमध्ये गेला आणि तिथंच त्याने दुसरं घर मांडलं. कोणी विचारलं तर अक्का एवढंच म्हणायच्या, "गया तं गया. नदी तं आठेच शे ना."

नदी म्हणजे गिरणा, ती कुठे जात नव्हती. आम्ही भोई, नदीचेच. उन्हाळ्यात अक्का गिरणेच्या वाळूत टरबुजं लावायच्या. धरणातून पाणी सुटलं आणि पलीकडच्या गावाला बाजार असला की टरबुजं पाण्यात सोडून, त्यांना पुढे ढकलत ढकलत त्या पोहत पलीकडे जात. देवचंदरावांना पोहायला त्यांनीच शिकवलं. हे मला माझ्या लग्नात निदान पंधरा जणांनी सांगितलं.

मी धुळ्यातल्या देवपूरची. भोयाचीच पोर, पण आमचं घर भट्टीचं, फुटाणे-मुरमुरे भाजणारं. पांझरेला चार महिने पाणी आणि आठ महिने गोटे, आणि वडिलांना भट्टीपुढे बारा महिने हात हवे असत. त्यामुळे मला पोहता येत नाही. लग्नाची हळद अंगावर होती तेव्हा देवचंदराव मला गिरणा दाखवायला घेऊन गेले. बरोबर अक्का होत्या. भावाने सदरा काढला, बहिणीने लुगड्याचा कासोटा आवळला, आणि दोघंही एकदम पाण्यात. पार पलीकडच्या काठाला जाऊन बसली. तिथून हसण्याचा आवाज येत होता. मी अलीकडे नवी नवरी, हातात दोघांच्या चपला घेऊन उभी. त्या दिवशी माझ्या मनात जे पेटलं ते पुढे विझलंच नाही. भट्टीवाल्याच्या पोरीला आग जपून ठेवायला शिकवावी लागत नाही.

पुढे देवचंदराव धुळ्याला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये लागले आणि आम्ही देवपुरात राहू लागलो. मला वाटलं, सुटले. नदी तिकडे राहिली, नणंद तिकडे राहिली. पण पोहणाऱ्याला पाणी सापडतंच. सुट्टीच्या दिवशी हे गावाबाहेरच्या तलावावर जायला लागले, आणि तिथं कॉलेजात कसरत शिकवणाऱ्या अभिमन सरांनी ह्यांना पाहिलं. सर म्हणाले, "देवचंद, तू जोरात पोहत नाहीस, पण तू थांबत नाहीस. असा माणूस लांब पल्ल्याला लागतो." त्या सुमाराला एका मंडळाने तापीवर शर्यत ठरवली होती. पांझरा जिथं तापीला मिळते त्या मुडावदपासून थेट सारंगखेड्यापर्यंत, पहाटे सुरू आणि संध्याकाळपर्यंत पोचायचं, दत्ताच्या जत्रेच्या दिवशी. मध्ये पाय टेकला की बाद, होडीला हात लावला की बाद. सरांनी ह्यांचं नाव देऊन टाकलं. साल अठ्ठ्याऐंशी.

आता ह्यात माझं काम काय, तर खाणं. सरांनी मला तलावाच्या काठावर बसवून नीट समजावलं. म्हणाले, "वहिनी, माणसाच्या अंगात पहिले दोन-तीन तास पुरेल एवढं सरपण असतं. पुढे ज्याचं पोट साथ देतं तोच पोहतो. पोहता पोहता खायला घालायचं. थोडं, पातळ, कोमट, आणि वेळेवर. पाण्यात असला तरी घाम जातो, म्हणून मीठ हवं. आणि भूक लागायच्या आधी द्यायचं, भूक लागल्यावर नाही." मला ते लगेच पटलं. भट्टीत सगळ्या काट्या एकदम कोंबल्या तर धूर होतो, जाळ होत नाही. हे मला परकर नेसत होते तेव्हापासून माहीत.

मग मी कंबर कसली. डाळ्याचं बारीक पीठ, गूळ, चिमूटभर मीठ, कोमट पाण्यात कालवून वस्त्रगाळ केलेलं. पिकलेली केळी कुस्करून. सरांनी लांब बांबूला ओगराळं, म्हणजे खोल पळी, बांधून दिलं, काठावरून पोहणाऱ्याच्या तोंडापर्यंत पोचेल असं. पहिल्या रविवारी ह्यांनी ओगराळं घेतलं आणि सगळं पाण्यात ओकून टाकलं. दुसऱ्या रविवारी निम्मं राहिलं. मी पीठ आणखी पातळ केलं, गूळ कमी केला, आणि हळूहळू ह्यांच्या पोटाला उताणं पडून गिळायची सवय झाली. पावसाळा संपेपर्यंत हे सकाळी पाण्यात शिरायचे ते सूर्य डोक्यावर आला की बाहेर यायचे. मी काठावर मालकिणीसारखी बसायचे. तलाव माझ्या गावचा, भट्टी माझ्या बापाची, नवरा माझा. लग्नानंतर पहिल्यांदा मला वाटलं की हा माणूस माझ्या हातचं खाऊन चालतो.

आणि मग एक दिवस जेवताना हे म्हणाले, "आता मोठी चाचणी शे. अक्काले बलावतो."

अक्का आल्या त्या डोक्यावर गाठोडं घेऊन. त्यात ज्वारीचं भिजवून कांडलेलं पीठ. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या आधी आपण त्याचा घाटा शिजवतो ना, मीठ, जिरं, तीळ घालून, तसा त्यांनी तलावाच्या काठीच तीन दगडांवर शिजवला, पातळ केला, आणि माझ्या हातातलं ओगराळं अगदी सहज काढून घेतलं. तिकडे देवचंदराव पाण्यात उताणे झाले. घाटा तोंडात गेला आणि ह्यांचे डोळे मिटले. गाय चाटत असताना वासरू मिटतं तसे. त्या दिवशी हे दुपार उलटेपर्यंत पाण्यात राहिले. सर अक्कांना म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला गुण आहे."

मी घरी येऊन घाटा करायला घेतला. पहिला करपला, दुसऱ्यात गुठळ्या झाल्या. तिसरा मला तरी बरा वाटला म्हणून वाटीभर ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी चाटून पाहिला आणि प्रेमाने म्हणाले, "तुना बी बरा शे. पन अक्काना हातना तो अक्काना हातना." माणसाने बायकोला मारावं पण असं प्रेमाने बोलू नये.

अक्का शर्यतीपर्यंत आमच्याकडेच राहिल्या. मी त्यांच्यावर नजर ठेवली. हे पोहत असताना त्या काठावर उकिडव्या बसायच्या आणि ह्यांच्याकडे असं बघायच्या की मला तिथून उठून जावंसं वाटायचं. दात आवळलेले, बोटं वाळूत रुतलेली. भाऊ सुखरूप आहे ना, असं ते बघणं नव्हतं. मला वाटायचं, माझ्या नवऱ्याला ही बाई डोळ्यांनी परत भडगावला ओढून नेतेय. मध्येच त्या स्वतःशी बोलायच्या, "डावा हात ढिला टाकस. किती सांगं त्याले." हे बाहेर आले की त्यांना पंच्याने पुसायच्या, खायला द्यायच्या, आणि मग कासोटा आवळून स्वतः पाण्यात उतरायच्या. पार मधोमध जायच्या. मी ह्यांना म्हणायचे, "बघा, आता लोकांना दाखवायला निघाल्या." हे म्हणायचे, "तिले सवय शे." आणि चहा मागायचे.

शर्यत जवळ आली तशी एकच गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. हे सारंगखेड्याला पोचले पाहिजेत आणि माझ्या ओगराळ्यावर पोचले पाहिजेत. ह्यातलं दुसरं नसेल तर पहिल्याचं मला फारसं काही नव्हतं. होडीत नावाडी, मंडळाचा पंच आणि घरची दोन माणसं बसणार होती. सर स्वतः मंडळाच्या होडीत पुढच्या पोरांबरोबर जाणार होते. निघायच्या आधी त्यांनी बजावलं, "खायला एकीनेच घालायचं. कोण, ते देवचंद ठरवेल."

देवचंदरावांनी माझ्याकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पाळीपाळीनं घाला." ह्या माणसाला नाही म्हणता येत नाही. हा त्यांचा जन्माचा रोग आहे, आणि त्याच्यावर एस.टी.च्या डॉक्टरकडेही औषध नाही.

आदल्या दिवशी मुडावदला संगमावरच्या देवळाच्या ओसरीत आम्ही उतरलो. सरांनी सांगितलेलं, भात-बटाटा द्या, साधं द्या, लवकर द्या. मी भात, बटाटा आणि गुळाचा सांजा केला. अक्कांनी पलीकडे दुसरी चूल मांडली आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेल. देवचंदराव माझ्याकडे जेवले. मग हात धुऊन तिकडे गेले आणि तिकडेही जेवले. परत येऊन मला म्हणाले, "तुझा सांजा राहिला ना थोडा?" मी वाढला. अक्कांनी तिकडून पाहिलं आणि भाकरीचा आणखी चतकोर आणून ह्यांच्या ताटात ठेवला. तोही गेला.

पहाटे थंडी मरणाची होती. अक्कांनी एरंडेलात मेण कढवून ह्यांच्या अंगाला चोपडलं. त्या पाठीला लावत होत्या म्हणून मी छातीला लावलं. शिट्टी झाली, पोरं पाण्यात पडली, आणि आमचा नावाडी उखर्डू होडी लोटत म्हणाला, "चला. जत्राना टाइमले पोचाले पाहिजे." त्याला घोडेबाजार बघायचा होता. शर्यतीचं त्याला काही नव्हतं.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता, तापी मार्गशीर्षातही भरून चालली होती. हे मस्त निघाले. संथ, एकसारखे, सरांनी शिकवलं तसे. पहिलं ओगराळं माझं होतं. सरांच्या हुकमाप्रमाणे अर्धं. हे उताणे झाले, प्यायले, वळले, निघाले. मला भरून आलं. दुसरी पाळी अक्कांची. त्यांनी अर्ध्याच्या जरा वर घाटा घेतला. मी बघितलं. माझी पाळी आली तेव्हा मी डाळ्याचं त्याच्या जरा वर घेतलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण पुढची पळी त्यांनी काठाखाली दोन बोटं राहतील इतकी भरली. मग मी काठोकाठ भरली. केळं कुस्करून घातलं ते वेगळं.

पंच म्हणाला, "बाई, जरा जास्त होत नाही का?" मी म्हटलं, "नवरा कुणाचा आहे?" अक्कांनी घाट्यावर तीळ घातले.

पाण्यातला माणूस बिचारा दर वेळी उताणा व्हायचा, एकदा हिच्याकडे बघायचा, एकदा तिच्याकडे, आणि सगळं गिळायचा. सूर्य वर आला तेव्हा ह्यांचं पोट पाण्याच्या वर दिसायला लागलं होतं. हात जड पडू लागले. मग ते थांबले आणि ओकले. मला वाटलं, घाटा बाहेर आला. अक्कांना वाटलं असेल, डाळ्याचं पीठ. दोघींनीही पोट रिकामं झालं म्हणून पुढच्या पळीची घाई केली. त्यानंतर ह्यांच्या पोटात कळ उठली, मग पोटरीत गोळा आला. नदी तिथं पसरट होती, खाली वाळू. हे कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले.

"पाय टेकना गड्या," उखर्डू म्हणाला.

पंचाने शिट्टी वाजवली, नाव खोडलं, मागून येणाऱ्या दुसऱ्या होडीला हाक मारली आणि तिच्यात चढून निघून गेला. आम्ही ह्यांना वर ओढलं, घोंगडीत गुंडाळलं. ते दात वाजवत म्हणाले, "तुम्ही दोघीस्नी मारं माले." आणि भिंतीकडे तोंड करावं तसं होडीच्या फळीकडे तोंड करून निजले. लोक अजून मला विचारतात की तुम्हाला वाईट नाही वाटलं का. वाटलं. पण आम्ही भरवलं हे जितकं खरं, तितकंच तोंड त्यांचं होतं हेही खरं. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या माणसाला ओठ मिटता येऊ नयेत?

मी अक्कांकडे वळले. आज भांडण होणार, इतक्या वर्षांचं सगळं निघणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला बरंही वाटलं. मी वाक्यं जुळवून ठेवली होती. पण अक्का माझ्याकडे बघतच नव्हत्या, आणि भावाकडेही बघत नव्हत्या. त्या पुढच्या पाण्याकडे बघत होत्या. मग त्या उठल्या. पदर कमरेला गुंडाळून घट्ट खोचला, कासोटा आवळला, आणि ओगराळ्याचा बांबू माझ्या मांडीवर ठेवला.

"पळी तूच धर आते," म्हणाल्या.

"अक्का, पंच गेले. आता मोजणार कोण?"

"मोजाले कोन पाहिजे? पानी तं शे ना."

आणि होडी जराही न हलवता त्या पाण्यात उतरल्या. उखर्डूने वल्हं थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परत चालवायला लागला. त्याला तसंही सारंगखेड्यालाच जायचं होतं.

देवचंदराव पोहत तेव्हा पाण्याचा आवाज व्हायचा. अक्का निघाल्या तेव्हा झालाच नाही. लुगडं नेसलेली बाई, अडतिशीच्या पुढची, सकाळपासून होडीत बसून आखडलेली, पण अशी निघाली की काठावरच्या झाडांकडे बघितलं तरच कळावं की आम्ही किती पुढे आलो. मला आधी रागच आला. आता हेही अक्कांनाच जमणार. ओगराळं मांडीवर घेऊन मी तशीच बसून राहिले. पण मग सरांचं बोलणं आठवलं, भूक लागायच्या आधी द्यायचं. हातात पळी आली की हाताला गप्प बसवत नाही. मी घाटा ओतायला घेतला.

"ते नको," अक्का उताण्या होत म्हणाल्या. "तुनं गोड दे. घाटा मीच रांधेल शे, माले त्यानी काय चव."

मी डाळ्याचं दिलं. अर्धी पळी. आता काठोकाठ भरायला समोर कोणी उरलं नव्हतं. अक्का प्यायल्या, चूळ भरली, आणि गेल्या. पुन्हा दिलं, पुन्हा अर्धी पळी. ओकल्या नाहीत, थांबल्या नाहीत, हात जड झाला नाही. माझं खाणं असं कोणाच्या अंगी लागलेलं मी पहिल्यांदा बघितलं, आणि लागलं ते कोणाच्या, तर त्यांच्या.

ऊन कलायला लागलं तेव्हा एका पाळीला त्या जरा जास्त वेळ पाण्यावर पडून राहिल्या. आपल्या आपणच बोलल्या. "तुले वाटे मी त्याले तुनापासून तोडस."

मी मान डोलावली. खोटं कशाला बोला.

"माले त्याना हेवा वाटे वं," अक्का म्हणाल्या. "तो लहान व्हता तवयपासून. पोहाडं मी त्याले. पन नदीवर पोरस्न्या शर्यती लागेत तवय तो जाये, आन मी त्याना कपडा धरीसन हुभी राहू. सरनी त्यानं नाव दिधं. माले कोन इचारस? तलाववर त्याले घास देऊ ना, तवय माले वाटे, हाऊ आते बाहेर येवाले पाहिजे आन मी आत जावाले पाहिजे. रोज वाटे. आज ते झायं."

"म्हणून भरभरून घालत होतात का?" मी विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. "ते माले बी मालूम नही," म्हणाल्या, आणि वळून पोहू लागल्या.

मी होडीत बसून राहिले. घोंगडीतून ह्यांचं घोरणं ऐकू येत होतं. इतकी वर्षं मी ह्या बाईच्या आणि माझ्या मध्ये एक माणूस उभा केला होता, त्याच्या घासाघासावरून जळत होते, आणि तिला तो माणूस नकोच होता. तिला तो वाटेतून बाजूला व्हायला हवा होता. मला हसूही येईना आणि रडूही येईना. मी पळी धुतली आणि पुढच्या पाळीचं पीठ कालवलं.

सूर्य टेकला तेव्हा सारंगखेड्याचा पूल दिसला. घाटावर लोक घोड्यांना पाणी दाखवायला आले होते, जत्रेचे भोंगे वाजत होते. पुढची पोरं केव्हाच पोचली होती, सर आणि मंडळाचे लोक मांडवात भाषणं ऐकायला गेले होते. घाटावर गावातले काही उत्साही लोक तेवढे उरले होते आणि त्यांच्याकडे झेंडूचा एक हार उरला होता. अक्का पायऱ्यांशी पोचल्या, वर आल्या, पदर पिळला. त्यांच्या अंगावर काटा होता, ओठ निळे पडले होते, आणि चेहरा असा होता की मी बाळंतिणीशिवाय दुसऱ्या कोणाचा तसा पाहिलेला नाही. मी खाली उतरून त्यांच्या खांद्यावर माझी शाल टाकली.

तेवढ्यात होडीतून देवचंदराव उतरले. चड्डीवर, अंगाला एरंडेल, केस विस्कटलेले. लोक धावले.

"पार मुडावदफाईन उना का भाऊ?" एकाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हार ह्यांच्या गळ्यात घातला.

मी म्हटलं, "हे नाही. ह्या पोहून आल्या."

लोकांनी अक्कांकडे बघितलं. ओलं लुगडं नेसलेली बाई. त्या दिवशी घाटावर अशा शंभर बायका होत्या, दत्ताच्या दर्शनाआधी बुडी मारून आलेल्या. एकजण हसला. त्याला वाटलं, भावजय नणंदेची चेष्टा करतेय. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने सांगितलं. देवचंदरावांनी हाराला हात लावला. क्षणभर मला वाटलं, काढतील. ते बहिणीकडे बघत राहिले.

"त्यानाच शे," अक्का लोकांना म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या."

आणि ह्यांनी हात खाली घेतला. हार नीट केला. ह्यांना कोणाला नाही म्हणता येत नाही, हे मी सांगितलंच आहे.

लोक ह्यांना भजी खायला घेऊन गेले. मी अक्कांजवळ पायरीवर बसले आणि रागाने विचारलं, "असं का केलंत? तुमचा हार होता तो."

"हार काय करू वं?" अक्का म्हणाल्या. त्या केस पिळत होत्या आणि पुलाखालून चाललेल्या पाण्याकडे बघत होत्या. "पोट भरनं मनं."

मी मान वळवून वर बघितलं. भज्यांच्या गाडीजवळ आमचे देवचंदराव उभे होते, गळ्यात हार, दोन्ही हातांत भजी, एक तोंडात. लोक पाठीवर थापा मारत होते आणि ते सगळ्यांना हो हो म्हणत होते. माझ्या वाट्याला हे आले होते. शेजारी बसलेल्या बाईच्या वाट्याला अख्खी तापी आली होती, आणि तिला आणखी काही नको होतं. तोवर मी अक्कांवर जळत होते ते काहीच नव्हतं; खरी जळले ती त्या पायरीवर.